घरगुती संगणकांची खरी करामत कुणाची: प्रोसेसरची की शेजारच्या खास चिपची?

तांब्याची_तार (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांवरचा कुठलाही लेख उघडा, सुरुवात प्रोसेसरपासूनच. हा झेड८० वर चालायचा, तो ६५०२ वर चालायचा. मला ही मांडणी पटत नाही. झेड८० सिंक्लेअरच्या झेडएक्स८१ मध्ये होता, स्पेक्ट्रममध्ये होता, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसीमध्ये होता आणि एमएसएक्समध्येही होता. या चौघांच्या चित्रात, आवाजात, किमतीत काडीचं साम्य नाही. मग फरक पाडला कुणी?

माझं उत्तर: प्रोसेसरच्या शेजारी बसलेल्या, त्या एका यंत्रासाठीच बनवलेल्या चिपने.

सिंक्लेअरचंच उदाहरण घ्या. १९८० चा झेडएक्स८० उघडला तर आत २१ चिपा. प्रोसेसर, रॉम, रॅम सोडले की बाकी सगळी टीटीएलची, म्हणजे साध्या लॉजिक चिपांची फौज. बाजारात कुणालाही मिळणाऱ्या ७४ मालिकेतल्या चिपा जोडून चित्र, कीबोर्ड, कॅसेट हे सगळं भागवलेलं. पुढच्याच वर्षी झेडएक्स८१ आला आणि त्यात चारच चिपा राहिल्या (काही बोर्डांवर रॅमच्या दोन असल्याने पाच). बाकी सगळं फेरँटी कंपनीच्या एका यूएलएमध्ये गेलं. तयार यंत्राची किंमत ९९.९५ पौंडांवरून ६९.९५ पौंडांवर उतरली. सोल्डरिंगचे सांधे कमी, बोर्ड लहान, बिघाडाच्या जागा कमी.

यूएलए म्हणजे काय ते नवीन सभासदांसाठी: फेरँटी सिलिकॉनच्या चकत्यांवर एकमेकांना न जोडलेले घटक आधीच तयार करून ठेवी. ते आपापसात कसे जोडायचे ते ग्राहकाने सांगायचं आणि त्याप्रमाणे फक्त धातूचा शेवटचा थर चढायचा. इमारत बिल्डरने उभी करून ठेवावी आणि वायरिंग राहायला येणाऱ्याच्या मर्जीने व्हावं, तसा प्रकार. त्यामुळे सिंक्लेअरसारख्या छोट्या कंपनीलाही स्वतःची चिप परवडली.

मंडळींना काय वाटतं? तुम्ही वापरलेल्या, उघडलेल्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांचे अनुभवही येऊ द्या.

कॅसेटवाला

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. रात्री निवांत लिहितो.

सफरचंदे

तीव्र असहमत.

१९७७ चा अ‍ॅपल टू उघडा. एकही खास चिप नाही. शंभराच्या आसपास साध्या, दुकानात मिळणाऱ्या चिपा आणि त्यातून अ‍ॅपलच्या स्टीव्ह वॉझ्नियाकने रंगीत चित्र काढून दाखवलं. अमेरिकन टीव्हीच्या रंगसंकेताची वेळ आणि पिक्सेलची वेळ अशी जुळवली की रंगासाठी वेगळं सर्किट जवळजवळ लागलंच नाही. त्याचं डिस्क कंट्रोलर कार्ड बघा, मूठभर चिपांत काम संपवलंय. अ‍ॅपलच्या मुख्य बोर्डावर खास चिपा आल्या त्या १९८३ च्या टू-ईमध्ये, एमएमयू आणि आयओयू या नावांनी. त्यांनी चिपांची संख्या खूप खाली आणली, पण यंत्र तेच राहिलं.

म्हणजे कल्पना आधी, खास चिप नंतर. ती खर्च कमी करते, करामत करत नाही.

तांब्याची_तार

@सफरचंदे, मुद्दा दमदार आहे, पण झेडएक्स८१ चं चित्र पडद्यावर कसं येतं ते एकदा बघाच. मला यापेक्षा सुंदर युक्ती त्या काळातल्या हार्डवेअरमध्ये क्वचित दिसली आहे.

चित्र काढायला वेगळी व्हिडिओ चिप नाही. मग पडद्यावरची अक्षरं रॅममधून वाचतो कोण? प्रोसेसर. तो ती अक्षरं जणू सूचना आहेत असं समजून 'चालवायला' घेतो. प्रोसेसर अक्षराचा बाइट मागतो, यूएलए तो बाइट मधल्या मध्ये पकडून स्वतःकडे ठेवते आणि प्रोसेसरच्या हातात शून्य देते. झेड८० च्या भाषेत शून्य म्हणजे काहीही करू नकोस, पुढे जा. तो पुढे सरकतो. प्रत्येक सूचनेच्या शेवटी झेड८० रॅम ताजी ठेवण्यासाठी एक पत्ता बाहेर टाकतो. यूएलए नेमकी ती वेळ साधते, पकडलेल्या अक्षराचा आकार रॉममधून उचलते आणि ८ ठिपके टीव्हीकडे सोडते. ते ८ ठिपके संपेपर्यंत प्रोसेसर पुढच्या अक्षरावर पोचलेला असतो.

आणि ओळ संपली हे कसं कळतं? झेडएक्स८१ मध्ये नव्या ओळीचा संकेतांक ११८. झेड८० मध्ये ११८ म्हणजे हॉल्ट, थांब. हा बाइट यूएलए अडवत नाही. प्रोसेसर खरोखरच थांबतो आणि पुढच्या ओळीच्या इशाऱ्याची वाट बघतो.

सफरचंदे

युक्ती अप्रतिम, वादच नाही. पण हीच युक्ती झेडएक्स८० मध्ये होती, तीसुद्धा टीटीएल चिपांवर! यूएलएने ती फक्त पोटात घेतली. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात.

सिग्नल_सदाशिव

दोघांच्या मध्ये पडतो. झेडएक्स८० गणित करायला लागला की चित्र गायब व्हायचं, कारण प्रोसेसर एकच आणि कामं दोन. कळ दाबली तरी पडदा लुकलुकायचा. झेडएक्स८१ च्या यूएलएमध्ये एक भर पडली. चित्राच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या पट्ट्या चालू असताना तुमचा प्रोग्राम चालायचा आणि यूएलए दर ओळीला प्रोसेसरला टोचणी देऊन ओळी मोजायला लावायची. पट्टी संपली की पुन्हा चित्राचं काम. हाच तो 'स्लो' मोड. वेग साधारण पाव उरायचा, पण चित्र स्थिर. त्यामुळे झेडएक्स८१ वर हलतं चित्र असलेले खेळ लिहिणं सोपं झालं. ही भर टीटीएलमध्ये घातली असती तर आणखी चिपा, आणखी खर्च, म्हणून ती घातली गेलीच नसती. यूएलएमध्ये जागा होती म्हणून ती आली.

कॅसेटवाला

आलो. तुम्ही सगळे इंग्लंडात अडकलात, जरा कमोडोरकडे या.

कमोडोरने १९७६ मध्ये मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली. म्हणजे ६५०२ घरचा आणि त्याच्या शेजारच्या चिपाही घरच्याच. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये अल शार्पेंटियर यांची व्हिक-टू ही चित्रांची चिप आणि बॉब यानेस यांची सिड ही आवाजाची चिप. आठ स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीला हात न लावता स्वतंत्र हलणाऱ्या आठ आकृत्या. तीन स्वर, प्रत्येकाचा चढ-उतार वेगळा ठरवता येणार, आणि वर एक खराखुरा अ‍ॅनालॉग फिल्टर. सफरचंदेबुवा, हे ७४ मालिकेतल्या चिपा जोडून करून दाखवा. नुसती सिडच टीटीएलवर करायची म्हटली तरी टेबलभर बोर्ड पसरतील. इथे खास चिप खर्च वाचवत नाही, जे नव्हतंच ते निर्माण करते.

किंमतही बघा. ५९५ डॉलरला यंत्र बाजारात आलं तेव्हा ते बनवायला सुमारे १३५ डॉलर लागत होते असं त्या काळात छापून आलं होतं. म्हणूनच पुढच्या किंमतयुद्धात कमोडोरचे प्रमुख जॅक ट्रॅमिएल प्रतिस्पर्ध्यांना धापा टाकायला लावू शकले.

अवंती_प

मी हार्डवेअरवाली नाही, वाचतेय आणि आवडतंय. एक शंका. एवढं सगळं एका चिपमध्ये बसत होतं, तर सिंक्लेअरने फेरँटीकडून सिडसारखी आवाजाची चिप का नाही करून घेतली? स्पेक्ट्रम नुसता पीं-पीं करायचा ना?

चकतीकार

@अवंती_प ताई, छान प्रश्न. मी बंगळुरूला चिप डिझाइनमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. थोडक्यात सांगतो.

'खास चिप' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, अगदी शून्यापासून आखलेली. प्रत्येक ट्रान्झिस्टर कुठे बसेल, केवढा असेल हे डिझाइनर ठरवतो. सिड, व्हिक-टू, अटारीची अँटिक आणि पोकी या जातीच्या. यात अ‍ॅनालॉग फिल्टरसुद्धा बसवता येतो. पण चिपचे सगळे थर तुमचे स्वतःचे, पैसा भरपूर, वेळ भरपूर, आणि चूक झाली तर सगळ्या थरांची पुन्हा सुरुवात. कमोडोरकडे स्वतःचा कारखाना होता, म्हणून त्यांना झेपलं.

दुसरी, यूएलए. घटक ठरलेले, त्यांच्या जागा ठरलेल्या, तुमच्या हातात फक्त जोडणी. झटपट आणि स्वस्त, पण जेवढे घटक चकतीवर आहेत तेवढ्यातच संसार करायचा. स्पेक्ट्रमच्या यूएलएमध्ये चित्र, बॉर्डर, कीबोर्ड, कॅसेट आणि स्पीकर एवढं कोंबल्यावर तीन स्वरांना जागा कुठून आणणार? म्हणून स्पीकरच्या वाट्याला एक बिट. प्रोग्रामने तो चालू-बंद करत बसायचं.

तिसरी, पीएलए. ही तयार चिप असते आणि तिच्या आतल्या जोडण्या फ्यूज जाळून ठरवतात. कमोडोर ६४ मध्ये कुठल्या पत्त्यावर रॅम दिसेल आणि कुठल्या पत्त्यावर रॉम, याची वाटणी अशीच चिप करायची.

कॅसेटवाला

आणि कमोडोर ६४ दुरुस्त करणारा पहिला संशय त्याच पीएलएवर घेतो. पडदा काळा ठिक्कर म्हटलं की आधी तिला हात लावून बघायचा, किती तापली आहे ते.

शाळकरी_साठे

थोडं अवांतर, पण आपल्याकडचं.

१९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. आमच्या शाळेत संगणकाची खोली म्हणजे देवघराच्या वरताण. चपला बाहेर, पडदे ओढलेले, सर किल्ली खिशात ठेवायचे. एका यंत्राभोवती आम्ही सहा-सात जण, कीबोर्डवर एकाचाच हात. लाल रंगाच्या फंक्शन कळा मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

पुढे पुण्यात इंजिनीअरिंगला असताना एका मित्राबरोबर असंच एक यंत्र उघडून बघायची संधी मिळाली. बोर्डभर चिपाच चिपा. त्यातल्या दोन फेरँटीच्या, एक व्हिडिओसाठी आणि एक कॅसेट व सीरियलसाठी. व्हिडिओच्या चिपवर धातूची पट्टी चिकटवलेली होती. ती कशाला ते तेव्हा कळलं नव्हतं.

मँचेस्टरकर

@शाळकरी_साठे, ती पट्टी उष्णता बाहेर टाकायला. बीबीसीची व्हिडिओ यूएलए चांगलीच तापायची. १९८२ च्या सुरुवातीला त्या यंत्राचा पुरवठा रखडला, त्यातही या चिपचा हात होता.

मी इथे बरीच वर्षं राहतो. फेरँटीचा तो सेमीकंडक्टर कारखाना ओल्डहॅमजवळ चॅडरटनला, आमच्या घरापासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. हा सगळा जुना सूतगिरण्यांचा पट्टा, लाल विटांच्या उंच इमारती अजून उभ्या आहेत. ज्या गावांनी कापूस कातला त्याच गावांतून घराघरांतल्या संगणकांच्या चिपा गेल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. इथे नवीन आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी हे सांगतो आणि तो फुटबॉलचं मैदान कुठे ते विचारतो.

तापण्याचं कारण म्हणजे फेरँटीची प्रक्रिया बायपोलर होती. त्या गेटांमधून काम नसतानाही वीज वाहत राहते. पुढे फेरँटीने एका अमेरिकी कंपनीशी विलीनीकरण केलं, त्यात प्रचंड फसवणूक निघाली आणि १९९३ मध्ये फेरँटी बुडाली. चिपांचा व्यवसाय त्याआधीच प्लेसीकडे गेला होता.

सफरचंदे

बीबीसीचा विषय निघालाच आहे तर: त्यातला लोकप्रिय मोड ७ (पडदा दाखवण्याची एक पद्धत), तो चालायचा बाजारात मिळणाऱ्या, टीव्हीवर मजकूर दाखवणाऱ्या टेलिटेक्स्ट चिपवर. अख्ख्या पडद्याला फक्त १ किलोबाइट रॅम. अक्षरं काढायला खास चिप नाहीच! असो, दिसलं म्हणून सांगितलं.

सिग्नल_सदाशिव

खास चिपेवर सगळी भिस्त ठेवली की काय होतं त्याचा धडा म्हणजे एकॉर्न इलेक्ट्रॉन. त्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो महाग पडत होता. त्यांनी ठरवलं की त्याची स्वस्त आवृत्ती काढायची, १९९ पौंडांना, आणि बोर्डावरचं जवळजवळ सगळं लॉजिक एकाच यूएलएमध्ये घालायचं. फेरँटीसाठीही ती प्रचंड मोठी चिप होती. १९८३ च्या ऑगस्टमध्ये यंत्र जाहीर झालं. पण चकतीवरच्या चिपांपैकी चालू निघणाऱ्या फार थोड्या. ख्रिसमसला लोक पैसे घेऊन दुकानात उभे आणि दुकानात यंत्र नाही. सुमारे ३ लाखांची मागणी होती, पोचली ३० हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षी उत्पादन सुरळीत झालं तेव्हा बाजार थंडावला होता आणि गोदामं भरलेली. फेब्रुवारी १९८५ मध्ये एकॉर्नला आपला ४९.३ टक्के हिस्सा इटलीच्या ऑलिव्हेत्ती कंपनीला द्यावा लागला.

आणखी एक. रॅमच्या चिपा वाचवायला त्यांनी चारच वापरल्या, प्रत्येकीतून एका वेळी एक बिट. म्हणजे एक बाइट वाचायला दोनदा जावं लागे. बीबीसीमध्ये रॅम इतकी वेगवान होती की प्रोसेसर आणि चित्र आळीपाळीने तिच्याकडे जात आणि कुणीच कुणासाठी थांबत नसे. इलेक्ट्रॉनमध्ये मोठ्या मोडमध्ये चित्र चालू असेपर्यंत प्रोसेसर ताटकळत उभा. कंपनी तीच, प्रोसेसर त्याच घराण्यातला, पण चाल बैलगाडीची. धागाकर्त्यांचा मुद्दा यातून पक्का होतो: यंत्राचा स्वभाव ठरवला त्या चिपने, चांगला असो वा वाईट.

तपकीर_गल्ली

मी दुरुस्तीवाला माणूस, जुन्या यंत्रांवर हात चालवतो. माझं मत थेट सांगतो. मला खास चिप आवडत नाही.

टीटीएलचं यंत्र कितीही जुनं असू दे, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली की ७४एलएस मालिकेतली चिप आजही हाती लागते. दोन-चार दुकानं फिरावी लागतील एवढंच. खास चिप गेली की यंत्र गेलं. ती पुन्हा कुणीही बनवणार नाही. मग दुसरं मेलेलं यंत्र विकत घ्यायचं आणि त्याची चिप काढायची, म्हणजे एक जगवायला दुसरं मारायचं. मध्ये एका विक्रेत्याकडून ऑनलाइन आवाजाची चिप मागवली होती. वरचं छापील नाव अ‍ॅसिटोनने पुसलं तर खाली भलतंच नाव निघालं. पैसे बुडाले ते वेगळेच, पण ज्याचं यंत्र होतं त्या आजोबांना काय सांगायचं हा खरा प्रश्न पडला.

डिझाइन करणाऱ्यांनी चाळीस वर्षांपुढचं बघायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण या चिपांचं कौतुक करताना ही बाजू कुणी मांडत नाही.

चकतीकार

@तपकीर_गल्ली, तुमचं दुःख कळतं. खास चिपचं दुसरं दुखणं म्हणजे चूक राहिली की ती सिलिकॉनमध्ये गोठते. स्पेक्ट्रमच्या सुरुवातीच्या बोर्डांवर यूएलएमधली एक चूक निस्तरायला एक छोटी टीटीएल चिप पाठीवर झोपवून, पाय वर करून तारांनी जोडलेली असायची. लोक तिला मेलेलं झुरळ म्हणत, दिसायचीही तशीच. २३ एप्रिल १९८२ ला यंत्र जाहीर झालेलं, चिप दुरुस्त करून नवा तुकडा येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

विदर्भवीर

मेलेलं झुरळ लावून विकलेला संगणक! आमच्याकडे जिवंत झुरळं आत शिरायची, ती फुकटात.

फोर्थप्रेमी

या धाग्यावर ज्युपिटर एस या संगणकाचा उल्लेख अजून कसा नाही?

स्पेक्ट्रमचं हार्डवेअर ज्यांनी आखलं ते रिचर्ड आल्टवासर आणि ज्यांनी त्याचं बेसिक लिहिलं ते स्टीव्ह व्हिकर्स, या दोघांनी सिंक्लेअर सोडून त्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली आणि ज्युपिटर एस बाजारात आणला. बेसिकऐवजी फोर्थ भाषा. आणि आत? यूएलए नाही. साध्या टीटीएल चिपा. ज्या माणसाला यूएलएची ताकद इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती, त्यानेच ती घेतली नाही. छोट्या कंपनीला पहिल्या खेपेसाठी ती परवडणं कठीण. यंत्र खपलं नाही, कंपनी टिकली नाही, पण मी आजही त्याच्या प्रेमात आहे.

तांब्याची_तार

@फोर्थप्रेमी, सोन्यासारखं उदाहरण दिलंत.

माझा जीव मात्र स्पेक्ट्रमच्या यूएलएवर, म्हणून थोडं विस्ताराने. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग, १६ पैकी एक, द्यायचा तर २४,५७६ बाइट लागतात. स्वस्त मॉडेलमध्ये मुळात रॅमच १६ किलोबाइट. म्हणून ठिपके वेगळे ठेवले, ६,१४४ बाइट, आणि रंग ८ बाय ८ च्या चौकटीला एक बाइट या हिशोबाने ७६८ बाइट. एकूण ६,९१२. एका चौकटीत दोनच रंग. खेळातला हिरवा माणूस पिवळ्या झाडाजवळ गेला की झाडही हिरवं व्हायचं, ते यामुळे.

दुसरी गंमत म्हणजे पोर्ट २५४ (पोर्ट म्हणजे प्रोसेसर बाहेरच्या उपकरणांशी बोलतो तो पत्ता). कीबोर्ड, कॅसेट, स्पीकर, बॉर्डरचा रंग, सगळं त्या एका पोर्टवर, कारण यूएलए पोर्टच्या पत्त्यातली फक्त शेवटची तार बघते. ती शून्य असली की यूएलए 'ओ' देते. कॅसेट लोड होताना बॉर्डरवर पळणाऱ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या म्हणजे लोड करणारा प्रोग्राम कॅसेटचा सिग्नल वाचता वाचता त्याच पोर्टवर रंग लिहितोय. पट्ट्या बघून लोक ओळखायचे की टेप नीट चढतेय की हेड साफ करायला हवं.

अवंती_प

अय्या, त्या पट्ट्यांचा अर्थ आज कळला! माझ्या मामाकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस होता, डेसिबल्सचा, भारतात परवान्याने बनलेला. आम्ही भाच्या त्या पट्ट्या बघत बसायचो आणि मामा ओरडायचा, टेबल हलवू नका म्हणून.

वोल्गाकाठी

मी सोव्हिएत काळाच्या शेवटी तिकडे शिकायला होतो. 'खास चिप नसती तर काय झालं असतं' याचं उत्तर तिथे सापडतं.

फेरँटीची चिप तिकडे मिळणं अवघड. मग लोकांनी स्पेक्ट्रमच तिथल्या साध्या लॉजिक चिपांवर उभा केला. लेनिनग्राद, पेंटागॉन अशी कितीतरी रूपं. वसतिगृहात मुलं खोलीत बसून बोर्डावर सोल्डरिंग करायची, समोरचा दिसणार नाही इतका धूर. म्हणजे यूएलए काढून टाकली तरी स्पेक्ट्रम उरतो!

पण तंतोतंत तोच नाही. मूळ यंत्रात चित्र काढताना यूएलए खालच्या १६ किलोबाइट रॅमपाशी प्रोसेसरला थोपवून धरते. पेंटागॉनमध्ये थोपवणं नाही. मूळच्या एका चित्राला घड्याळाचे ६९,८८८ ठोके, पेंटागॉनला ७१,६८०. त्यामुळे पेंटागॉनवर रंगांच्या करामती ठोके मोजून बसवलेला डेमो मूळ इंग्लिश यंत्रावर विस्कटतो, आणि उलटही. दोन्हीकडे प्रोसेसर सारखा, प्रोग्राम सारखा.

सफरचंदे

@वोल्गाकाठी, हा प्रतिसाद वाचून विचारात पडलो. मी म्हणत होतो की तेच यंत्र टीटीएलवरही होतं. होतं, पण ठोके बदलले की डेमो विस्कटतो, हे खरं.

तरी एक प्रश्न धागाकर्त्यांना. १९८१ चा आयबीएम पीसी जवळजवळ पूर्ण बाजारात मिळणाऱ्या चिपांवर बनला होता. म्हणूनच इतरांना त्याची नक्कल करता आली आणि शेवटी जग त्यानेच जिंकलं. कमोडोर, एकॉर्न, सिंक्लेअर यांची घरगुती यंत्रं आपापल्या खास चिपांसोबत गेली. याचं काय?

चकतीकार

पीसीच्या नकला स्वस्त झाल्या त्या पुन्हा खास चिपांमुळेच. चिप्स अँड टेक्नॉलॉजीज कंपनीने पीसी एटीच्या बोर्डावरचं डझनावारी लॉजिक मोजक्या चिपांच्या संचात घातलं आणि तो संच कुणालाही विकला. फरक एवढाच की चिप एका यंत्राची न राहता अख्ख्या बाजाराची झाली. आज ज्याला चिपसेट म्हणतो तो हाच.

आणि एकॉर्न गेलं म्हणता? इलेक्ट्रॉनने हात पोळलेल्या त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर आखला. यूएलए करताना चिप डिझाइनचा सराव झालेला, माणसं तयार झालेली. व्हीएलएसआय टेक्नॉलॉजीने बनवलेली पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला चालू झाली. ती एआरएम. हा धागा मोबाइलवर वाचताय ना? मग तिचीच पुढची पिढी तुमच्या हातात आहे.

कॅसेटवाला

+१. अवांतर: नव्वदीतल्या आपल्या टीव्ही गेमांचीही हीच गोष्ट. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉममध्ये रिकोच्या दोन खास चिपा होत्या, एकीत ६५०२ चा गाभा आणि आवाज, दुसरीत चित्र. पुढे तैवान-चीनकडच्या लोकांनी दोन्ही मिळून एकच चिप केली. स्वस्त टीव्ही गेम उघडला की बोर्डावर जो काळा डांबरासारखा ठिपका दिसायचा, त्याखाली तीच. प्रत्येक जत्रेत विकला गेलेला यूएलएचा नातू.

नवशिकी_मुक्ता

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बऱ्याच दिवसांपासून नुसती वाचत होते. या धाग्यामुळे शेवटी आयडी काढला. आमच्याकडे एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपमधल्या जोडण्या आपल्याला हव्या तशा बदलता येतात) आहे आणि मिनी प्रोजेक्टसाठी स्पेक्ट्रमची यूएलए व्हेरिलॉग या हार्डवेअर-भाषेत लिहावी असं डोक्यात आलंय. झेपेल का? सुरुवात कुठून करू?

तपकीर_गल्ली

मुक्ता, कर. नक्की कर. माझ्यासारख्यांना याच वाटेने आशा आहे. गेलेल्या चिपेच्या जागी आता लोक अशाच छोट्या पाट्या बसवतात आणि यंत्र पुन्हा उठतं. क्रिस स्मिथ नावाच्या इंजिनीअरने स्पेक्ट्रमची यूएलए उघडून, आतल्या सिलिकॉनचे फोटो काढून तिचं पूर्ण सर्किट उलगडलंय, त्यामुळे अंदाजाने काही करावं लागणार नाही.

चकतीकार

मुक्ता, झेपेल, पण या क्रमाने जा.

आधी घड्याळ. मूळ यंत्रात १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याचे निम्मे म्हणजे ७ मेगाहर्ट्झ पिक्सेलसाठी आणि त्याचेही निम्मे ३.५ प्रोसेसरसाठी. मग दोन काउंटर लिही. आडवा ४४८ पर्यंत, उभा ३१२ पर्यंत. ७० लाख भागिले या दोघांचा गुणाकार करून बघ, सेकंदाला ५० चित्रं मिळतात. एवढंच चालू करून सिंक सिग्नल ऑसिलोस्कोपवर तपास. ते जमल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मग नुसती बॉर्डर, तीन बिट, आठ रंग. त्यानंतर ठिपके आणि रंगाचे बाइट आणणं. पडद्याच्या पत्त्यातले बिट सरळ क्रमाने नाहीत, ते कागदावर मांडून घे. कीबोर्ड त्यानंतर, तो सोपा आहे: आठ अर्ध्या ओळी, प्रत्येकीत पाच कळा. प्रोसेसरला थोपवण्याचं लॉजिक सगळ्यात शेवटी. ते नसतानाही बहुतेक खेळ चालतात, आणि ते पहिल्या दिवशी घुसवलंस तर दोष कुठे आहे तेच सापडणार नाही.

तांब्याची_तार

आणि एक व्यवहारातली अडचण आत्ताच सांगून ठेवतो. हा सिग्नल जुन्या टीव्हीच्या वेगाचा आहे, सेकंदाला सुमारे १५,६२५ ओळी. कॉलेजच्या लॅबमधले व्हीजीए मॉनिटर तो बहुधा घेणारच नाहीत. एकेक ओळ साठवून दुप्पट वेगाने दोनदा पाठवणारा छोटा मॉड्यूल लागेल. माझ्याकडे लिहिलेला आहे, टिपणांसकट व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो. बॉर्डर दिसायला लागली की इथे फोटो टाक.